साबणाने धुतलेला स्पंज

३ जुलै, सोमवार

भिंगरी आज गेली. जाताना ही वही माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "आजी, ही टाकीची वही. तारीख घालायची, पाणी किती बदललं ते लिहायचं, नवीन पान आलं तर लिहायचं. बाकी काही लिहीत बसू नकोस." बाकी काही लिहू नको म्हणे! माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली अर्धी चौथी गोवरात गेली, पण एवढी दोनशे पानं कोऱ्या कागदाची समोर असताना नुसतं "पाणी दोन बादल्या" लिहून उठायचं म्हणजे जेवायला बसून मीठ चाखून उठल्यासारखं.

भिंगरी म्हणजे माझी नात. नाव वेगळं आहे, पण लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून ह्यांनी भिंगरी म्हणायला सुरुवात केली ते चिकटलं. अठरावं लागलंय. घरांचे नकाशे काढायचं शिकायला गेली, गाडीने नऊ तास लांब. इतकी वर्षं आम्ही दोघी एका खोलीत. आता तिची कॉट रिकामी आणि तिची टाकी माझ्या उशाशी.

टाकी तीन फूट लांब. आत सहा मासे आहेत, पण ते नावाला. खरी मिजास झाडांची. ही झाडं मातीत लावत नाहीत. दगडाला दोऱ्याने बांधून पाण्यात सोडतात. आल्यासारखं आडवं जाडसर खोड असतं, ते दगडावर सरपटतं आणि त्यातून पानं वर येतात. पानं तरी कसली! एक निळसर, एक जांभळं, एक तांब्याच्या रंगाचं, एकावर बारीक चांदीचे ठिपके. महिन्याला एक पान, तेही मनात आलं तर. पोरीने चार वर्षं गोळा केलीत ही. शौकिनांत पद्धत अशी की बोटभर तुकडा द्यायचा आणि बोटभर घ्यायचा. त्यांची नावं इंग्रजी, लांबलचक, माझ्या जिभेवर बसत नाहीत. मी माझी ठेवली आहेत: मखमल, कोळसा, पितळी, ठिपकेवाली, झालरवाली, रुसकी. आणि सगळ्यांची राणी मोरपिशी. तिच्यासाठी पोरगी दीड वर्ष एका माणसाच्या मागे लागली होती.

पाणी बदललं नाही. नवीन पान नाही. झालं, लिहिलं.

९ जुलै, रविवार

फोटो काढायला शिकले! सुनेने शिकवलं. सून औषधांच्या दुकानात असते, दिवसभर लोकांना गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावते, त्यामुळे शिकवायची सवय आहे. "आई, बोट भिंगावरून काढा. आई, तो तुमचा अंगठा आहे, मोरपिशी नाही." असं करत करत चाळीस फोटो काढले. त्यातले सत्तावीस बरे आले.

भिंगरीला एक पाठवला. तिचा लगेच फोन. "आजी, झालरवालीला पान येतंय!" मला दिसलंच नव्हतं. नऊ तास लांब बसून तिला दिसलं. दर रविवारी एक फोटो पाठवायचं ठरलं, आणि तिने तिचा पाठवायचा. सौदा पक्का.

१६ जुलै, रविवार

ह्यांच्या हत्यारांची पेटी काढली. हे घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला लावायचं भिंग आणि बारीक टोकाचा चिमटा, दोन्ही मिळालं. भिंग डोळ्याला लावून काचेला नाक टेकवलं तर काय सांगू, पानाच्या आत आणखी एक रंग आहे! पितळी वरून पितळी, खालून डाळिंबी. बारा वर्षं हे भिंग पेटीत पडलं होतं.

मुलगा डोकावून म्हणाला, "आई, तू टाकीत पडशील." मी म्हटलं, "तू विहिरीत... म्हणजे लिफ्टच्या विहिरीत उतरतोस ते?" तो लिफ्ट दुरुस्त करतो. बोलायला कंजूष आहे. हसला तेवढंच.

२३ जुलै, रविवार

पोरीने केस कापले. कमरेपर्यंतचे केस, मी तेल लावलेले, मानेपर्यंत! म्हणते, पुठ्ठ्याची घरं करताना गोंदात जातात. मी म्हटलं, "गोंद कापायचा होतास." फोटोत हसतेय मात्र छान. कान दिसतायत. कान ह्यांच्यावर गेलेत.

२९ जुलै, शनिवार

उद्या विहीणबाई येणार. म्हणजे सुनेची आई. बाई चांगल्या आहेत, पण त्यांची नजर आधी कोपऱ्यात जाते आणि मग माणसाच्या तोंडाकडे येते. म्हणून आज सगळं घर लख्ख केलं. मग म्हटलं टाकी तरी का सोडावी.

टाकीच्या कोपऱ्यात पाणी गाळायचं यंत्र आहे, त्यात एक स्पंज. तो बाहेर काढला आणि मला अक्षरशः लाज वाटली. काळा, बुळबुळीत, वास मारणारा! एवढी टापटीप पोर आणि हे? मला सांगून गेली होती की स्पंजला हात लावू नकोस. आळशीपणा झाकायचा असला की माणूस असंच सांगतं. कपड्याचा साबण घेतला, ब्रश घेतला, चार पाण्यांतून काढला. शेवटी असा निघाला की दुकानात परत द्यावा. खिडकीत उन्हात वाळवला. टाकीतलं पिवळट पाणीही सगळं काढलं आणि नळाचं ताजं भरलं. दगड घासले. कंबर मोडली, पण टाकी अशी चमकतेय की काच आहे की नाही कळत नाही.

भिंगरीला सांगणार नाही. सुट्टीत येईल तेव्हा बघेलच आणि तोंडात बोट घालेल.

३० जुलै, रविवार

विहीणबाई कोपरे न बघता थेट टाकीपाशी गेल्या. "अहो, पाणी आहे का आत?" म्हणाल्या. मी म्हटलं, "हाताने धुतलंय सगळं." आजच्यासारखा दिवस रोज येत नाही.

१ ऑगस्ट, मंगळवार

मासे वर येऊन तोंडं उघडतायत. भूक लागली असेल म्हणून दाणे जास्त टाकले. ठिपकेवालीची दोन पानं काचेसारखी झालीत, आरपार दिसतं. नवीन रंग फुटतोय बहुतेक.

२ ऑगस्ट, बुधवार

नवीन रंग कसला.

सकाळी पानाला चिमटा लावला तर पान हातात आलं आणि बोटांत विरघळलं. उकडलेल्या भाजीसारखं. रुसकी, कोळसा, झालरवाली, सगळ्यांचं तेच. मी चप्पल घातली आणि शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. भिंगरी तिथूनच सामान आणायची. दुकानदार जाडजूड, बोलायला तिखट, पण हात माशाला लावतो तेव्हा बाळाला लावल्यासारखा.

"आजी, स्पंज धुतलात का?"

"धुतला. चांगला कपड्याच्या साबणाने. उन्हात वाळवलासुद्धा."

त्याने कपाळाला हात लावला तो बराच वेळ काढलाच नाही.

"आणि पाणी?"

"सगळं बदललं. ताजं नळाचं."

"आजी, टाकी धुतली नाहीत तुम्ही. मारलीत."

"तोंड सांभाळून बोल. सहाच्या सहा मासे जिवंत आहेत."

"घरून निघून किती वेळ झाला?"

"अर्धा तास."

"मग चार असतील."

मला इतका राग आला! पण मग स्टूल पुढे करून त्याने समजावून सांगितलं. ती काळी घाण जिवंत असते म्हणे. माशांची घाण तीच खाते आणि पाणी गोड ठेवते. मी ती साबणाने घालवली. आता पाण्यात विष साठतंय, त्याने पानं गळतायत.

"म्हणजे दह्याचं विरजण फेकून दिलं मी," मी म्हटलं, "आणि आता दूध नासतंय."

"आजी, वीस वर्षं गिऱ्हाइकांना समजावतोय, हे मला सुचलं नव्हतं."

मग त्याने स्वतःच्या टाकीतला काळाकुट्ट स्पंज कात्रीने अर्धा कापला आणि पिशवीत घालून दिला. विरजण! घरी येईपर्यंत बसमध्ये मांडीवर धरून बसले होते. एवढी घाण जन्मात इतकी जपून धरली नव्हती. शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

घरी आले. मासे चार होते.

४ ऑगस्ट, शुक्रवार

दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे बादलीत पाणी एक दिवस उघडं ठेवते आणि रोज थोडं थोडं बदलते. पानं जातायत. तो म्हणाला होता, सगळी जातील, जाऊ द्या, खोड बघा. खोड दाबून बघायचं. कडक असेल तर हात लावायचा नाही. मऊ लागलं तर तेवढं कापून टाकायचं, नाहीतर सडत पुढे जातं.

आलं दाबून घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही. बाजारात भाजीवाल्या मला बघून टोपली मागे ओढायच्या. बाह्या वर केल्या आणि एकेक दगड बाहेर काढला. मखमल: कडक. पितळी: कडक. ठिपकेवाली: अर्धी गेली, कापली. झालरवाली कडक. कोळसा कडक. रुसकी पूर्ण लगदा. फेकली, डोळ्यात पाणी आलं, मेली उगीचच रुसायची. मोरपिशी हातात घ्यायला धीर होईना. शेवटी डोळे मिटून दाबली. एका टोकाला मऊ, बाकी कडक. ह्यांच्या चिमट्याने धरली आणि ब्लेडने कापली. करंगळीच्या पेराएवढी उरली.

आता टाकीत सात दगड आणि त्यातल्या सहांना दोऱ्याने बांधलेले आल्याचे तुकडे. बाकी काही नाही.

६ ऑगस्ट, रविवार

भिंगरीचा फोन. "आजी, फोटो?"

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. पण पोरगी नवीन ठिकाणी, नवीन माणसांत, अभ्यासाचं ओझं. चार वर्षांची मेहनत मी एका साबणाच्या वडीने धुऊन टाकली हे तिला तिथे सांगून काय साधणार होतं? जुन्या फोटोंतले सव्वीस उरले होते, त्यातला एक पाठवला. "वा आजी!" म्हणाली. जेवण गोड लागलं नाही. पण मला पक्कं माहीत आहे, खोडं जगणार. पानं आली की सांगेन. तोपर्यंत पंचवीस फोटो आहेत.

१३ ऑगस्ट, रविवार

चोवीस राहिले. तिचाही फोटो आला, पुठ्ठ्याच्या घराबरोबर. काय घर केलंय! कौलं एकेक कापून बसवलीत. पुढच्या सोमवारी सगळ्या वर्गासमोर दाखवायचंय.

२३ ऑगस्ट, बुधवार

घर कसं झालं विचारायला फोन केला. "छान झालं," म्हणाली आणि लगेच, "आजी, मखमलला किती पानं आहेत आता?" मी म्हटलं अकरा. पोरगी आपलं यश सांगायचं सोडून झाडांची चौकशी करते. गर्व नाही तो नाहीच.

टाकीत काही दिसत नाही. दोन बादल्या बदलल्या. स्पंज आता छान काळा होतोय.

२७ ऑगस्ट, रविवार

सकाळी अकरा वाजता फोन केला तरी पहिल्या घंटीला उचलते. काल शनिवारीही, परवा शुक्रवारीही. कॉलेज चांगलं आहे, मधे मोकळा वेळ देतात. आवाज जरा बसलाय. तिथल्या हवेने असेल. मला म्हणाली, "आजी, फोन टाकीजवळ धर ना. फिल्टरचा आवाज ऐकव." टाकी आल्यापासून त्या बुडबुड आवाजावर झोपायची. मी धरला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, माझा हात अवघडला, तरी पलीकडून चकार शब्द नाही. मग हळूच म्हणाली, "ठेव आता." कसली ही आवड!

मी म्हटलं, तोंड तरी दाखव, व्हिडिओ कर. तर म्हणे फोनचा कॅमेरा बिघडलाय. रविवारचा फोटो मात्र वेळेवर आला. पिवळ्या शर्टात, बागेत. काटकसरी आहे, तोच शर्ट पुन्हा घालते.

२ सप्टेंबर, शनिवार

आला! आला! आला!

सकाळी भिंग लावून बघत होते. कोळशाच्या खोडावर मोहरीएवढा टोकदार लाल ठिपका. आधी वाटलं गोगलगाय. अर्धा तास बघितलं, हलला नाही. मग मखमलवर दोन! चहा गॅसवर होता तो उतू गेला, जाऊ दे. धावत दुकानात गेले. दुकानदाराला हातवारे करून सांगितलं. तो म्हणाला, "आजी, इथे माणसं महिनाभर रिकामा दगड बघून कंटाळतात आणि फेकून देतात. तुम्ही पहिल्या." मी म्हटलं, "मला काय घाई आहे? मी कुठे जाणार आहे?"

मोरपिशीवर काही नाही. पण कडक आहे. रोज दाबते.

३ सप्टेंबर, रविवार

भिंगरीचा फोटो. केस पाठीवर आलेत! जुलैत मानेपर्यंत कापले होते. दीड महिन्यात एवढे? तिथलं पाणी नक्की चांगलं आहे. आमच्या नळाच्या पाण्याने माझे तर गळतातच.

८ सप्टेंबर, शुक्रवार

आज सुनेने पकडलं.

दुपारची घरी होती. मी रविवारसाठी फोटो निवडत बसले होते. ती मागून म्हणाली, "आई, हा जुना आहे ना?"

"छे! कालचा."

"काचेत पडदा दिसतोय. निळा. आपण पडदे बदलून महिना झाला, नव्या पडद्यांचा फोटोही मी तिला पाठवला होता."

मी बघितलं. खरंच की, काचेत निळा पडदा, लख्ख. सगळ्या फोटोंत. आणि मी भिंग लावून पानांच्या शिरा मोजत होते!

सून हसत खाली बसली. "पोरीला दिसलं असणार, आई. तिच्या नजरेतून सुटतं का काही?"

"मग बोलली का नाही?"

"ते मला काय माहीत. सांगून टाका. चिडणार नाही ती."

चिडली असती तर परवडलं असतं. गप्प बसली आहे हे मला टोचतंय. माझी नात आणि चूक दिसून गप्प? एकदा मी भाताला दोनदा मीठ घातलं तर तिने पाहुण्यांसमोर सांगितलं होतं.

मग मी सुनेला पोरीचे फोटो दाखवले, म्हटलं, बघ केस कसे वाढलेत. सून हसायची थांबली. दोन्ही फोटो पुन्हा पुन्हा बघितले. फोन मला परत दिला आणि म्हणाली, "आई, तुमचं आधी सांगा. माझ्याशी ती 'सगळं छान' म्हणते. तुमच्याशी बोलेल."

हे "तुमचं आधी" म्हणजे काय ते मी विचारलं नाही. सुनेचा चेहरा विचारण्यासारखा नव्हता.

१० सप्टेंबर, रविवार

फोन मी केला. नमस्कार-चमत्कार नाही, काही नाही. म्हटलं, "भिंगरे, मी तुझा स्पंज कपड्याच्या साबणाने धुतला. सगळी पानं गेली. रुसकी मेली. दोन मासे मेले. फोटो जुने होते."

मग म्हणाली, "मला माहीत होतं, आजी. पडदा."

"मग बोलली का नाहीस?"

"मी विचारलं असतं तर तूपण विचारलं असतंस."

"मी काय विचारलं असतं?"

आणि रडायला लागली. लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायची तशी, श्वास घ्यायचा विसरून. मग एकेक करत बाहेर आलं. तिचेही फोटो जुने. त्या सोमवारपासून कॉलेजला गेलीच नाही. तीन आठवडे खोलीत. त्या दिवशी तिने घर टेबलावर ठेवलं, सरांनी चारी बाजूंनी फिरवून बघितलं आणि विचारलं, "छान आहे. माणूस आत कुठून जाणार?"

दार करायचं विसरली होती. कौलं सगळी कापली, खिडक्यांना काचा लावल्या, दार नाही. सगळा वर्ग हसला.

मला खरंच कळेना. मी म्हटलं, "अगं, पुठ्ठ्याचंच घर होतं ना? तिथे कात्री नव्हती का?"

रडता रडता तिने नाक ओढलं. मग म्हणाली, "होती."

"मग?"

"आजी, सगळे हसत होते."

हसणारच. मीही हसले असते. पण हे मी तिला म्हटलं नाही, वहीत लिहितेय. तिला म्हटलं, "जेवतेस का? आंघोळ करतेस का? अंथरुणातून उठतेस का?" तिन्हीला "कधीकधी." म्हटलं, "गाडीत बस आणि घरी ये. टाकीला माणूस हवंय. माझ्याने एकटीने होत नाही."

हे खोटं होतं. टाकी माझ्याने उत्तम होते.

"बाबांना काय सांगू?"

"बाबांना तू सांगायचं. मी माझं सांगितलं."

१६ सप्टेंबर, शनिवार

आली. वाळली आहे, केस मानेशीच. पिशवी दारात टाकली, पाय न धुता टाकीपाशी. मी मागे उभी. मनात म्हटलं, आता बोलणार. ती खाली बसली, काचेला नाक लावलं. सात दगड, आठ-दहा टिचभर कोंब. मी भिंग पुढे केलं. तिने डोळ्याला लावलं आणि किती वेळ काढलंच नाही.

"आजी, हे कापलंयस किती नीट! मला एवढं नीट जमत नाही."

"आलं कापायची सवय आहे."

"मोरपिशी मी असते तर फेकून दिली असती. मला वाटलं असतं, गेली."

"दाबून बघायचं असतं," मी म्हटलं. "नुसतं बघून काय कळतं?"

मग बाह्या वर करून दोघी कोपरापर्यंत पाण्यात. ती म्हणते कोळसा मागे ठेव, मी म्हणते पुढे, रंग दिसतो. खूप भांडलो. कपडे ओले, जमीन ओली. सून पुसणं घेऊन आली, बघितलं, आणि पुसणं तिथेच ठेवून गेली.

१७ सप्टेंबर, रविवार

जेवताना पोरीने बापाला सांगितलं. ताटात बघून, एका दमात. मला वाटलं मुलगा उठून जाईल. त्याला बोलता येत नाही म्हणून तो उठून जातो, तशी सवयच आहे.

तो घास चावत राहिला. मग म्हणाला, "मी पहिल्या वर्षी एक लिफ्ट उलटी जोडली होती. वरचं बटण दाबलं की खाली जायची."

सुनेने वाढायचा डाव खाली ठेवला.

"मग?" भिंगरी म्हणाली.

"माणसं बसली होती आत. सातवा मजला दाबला, तळघरात उतरली. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, बाळ, मी वर जायला इतका काही उत्सुक नव्हतो, पण एवढं खालीही नको."

सुनेला ठसका लागला. भिंगरी हसता हसता पाणी प्यायली आणि ते नाकातून आलं.

"मग काय केलंत बाबा?"

"तारा बदलल्या. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीत जायचं होतं. चार दिवस नुसता फाटकापाशी उभा राहायचो. पाचव्या दिवशी आत गेलो."

"चार दिवस फाटकापाशी? हे मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"तू विचारलं नाहीस, आई. डबा रिकामा यायचा, तुझं समाधान व्हायचं. डबा मी फाटकापाशीच खायचो."

वीस वर्षांनी कळतंय मला! ह्या घरात आणखी कोण कोण कुठे उभं होतं देव जाणे.

१९ सप्टेंबर, मंगळवार

भिंगरीने बुटांच्या खोक्याचं घर करायला घेतलंय, जेवणाच्या टेबलावर. कालपासून आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. तीन दारं केलीत. सून म्हणाली, "चोरांची चांगली सोय झाली." भिंगरी म्हणाली, "आई, एक तुला, एक आजीला, एक मला पळून यायला."

मी विचारलं नाही जाणार का म्हणून. दोनदा तोंडाशी आलं, गिळलं. अजून तिकीट काढलेलं नाही. मलाही आतून वाटतं, राहिली तर काय बिघडलं? खोली भरलेली वाटते. सकाळी दोघींनी पाणी बदललं. पण दुपारी ती झोपली होती तेव्हा मी तिच्याकडे बघत बसले, आणि मला ती झोप आवडली नाही. दिवसाढवळ्या तोंडावर पांघरूण. असं माझ्या भिंगरीचं झोपणं नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी उठून स्वतःच म्हणाली, "आजी, शनिवारचं तिकीट काढते."

मी म्हटलं, "काढ." मग स्वयंपाकघरात जाऊन डबे उगाच खालवर केले.

जाताना मोरपिशी तिला द्यावी असं माझ्या मनात होतं. बरणीत घालून. तिचीच आहे. नुसता तुकडा आहे, पण सोबत. तिने बघितलं आणि म्हणाली, "नको आजी. पाणी बदललं की पुन्हा सगळं पहिल्यापासून करायला लागेल तिला. तू दाबत जा रोज." शहाणी आहे. मला बरंही वाटलं, कारण द्यायची माझी काही तयारी नव्हती.

२३ सप्टेंबर, शनिवार

गेली. गाडी सुटेपर्यंत खोकं मांडीवर धरून बसली होती. मुलगा सोडायला आला होता. गाडी दिसेनाशी झाल्यावर म्हणाला, "आई, उभी राहिली तरी चालेल. चार दिवस उभी राहिली तरी." मी म्हटलं, "चल घरी."

२५ सप्टेंबर, सोमवार

दिवसभर फोनकडे बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण केला नाही. दोन बादल्या पाणी बदललं. काच पुसली, बाहेरून. दुकानात जाऊन आले, काही आणायचं नव्हतं तरी. दुकानदार म्हणाला, "आजी, आज गप्प?" मी म्हटलं, "दात दुखतोय." माझे दात आहेत कुठे, पण त्याने मान डोलावली.

संध्याकाळी तिचा फोन आला.

फाटकापाशी उभी राहिली म्हणे. वीस मिनिटं. सरांना काय सांगायचं ते गाडीत नऊ तास पाठ केलं होतं: आजारी होते असं सांगू, की खरं सांगू, आधी माफी मागू की आधी खोकं दाखवू. वर्गाचं दार उघडलं. सगळी मुलं वळून बघायला लागली. सर फळ्यावर काहीतरी काढत होते. त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाले, "उशीर झालाय. जागेवर बस."

"आणि?" मी म्हटलं.

"आणि बसले."

"पाच आठवडे नव्हतीस हे त्या माणसाला कळलं तरी का?"

"माहीत नाही, आजी. शेजारच्या मुलीने पट्टी मागितली. मी दिली."

मला त्या सरांना चार शब्द सुनवावेसे वाटले. माझी पोर पाच आठवडे अंथरुणात तोंड झाकून पडली, आणि ह्यांचं आपलं "जागेवर बस"! मग विचार केला, त्यांनी मागे वळून बघितलं असतं, सगळ्यांसमोर विचारलं असतं, तर?

बस म्हणाले. बसली. झालं की.

दोन बादल्या बदलल्या. मखमलला तीन पानं, कोळशाला दोन. मोरपिशी कडक.